जग बुडाल्यावर खायचं काय? कादंबऱ्या सुचवा

कोरडवाहू

राम राम मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत वाचनालय आहे. तिथं शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण बसतो. एकानं पुस्तक वाचून यायचं, बाकीच्यांना गोष्ट सांगायची, मग सगळ्यांनी भांडायचं. आत्मचरित्रं झाली, ग्रामीण कादंबऱ्या झाल्या. शिवकाळ आणि पेशवाई तर इतकी झाली की पोट्टे आता मुखपृष्ठावर घोडा दिसला की उठून जातात. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात जग कोलमडल्यानंतरच्या आणि भविष्यातल्या जुलमी राजवटींच्या कादंबऱ्या घ्यायचं ठरवलं आहे.

इंग्रजी चालेल, वाचून मराठीत सांगणारे आहेत. झोंबी असले तरी हरकत नाही, पण नुसती चावाचावी नको. आणि मुख्य म्हणजे बसणाऱ्यांत निम्मे शेतकरी आहेत. मागे एक सिनेमा लावला होता. जग संपून जमाना झालेला आणि हीरो मोटार उडवतोय. लगेच मागून आवाज आला, "याले पेट्रोल कोन देऊन रायलं?" थोड्या वेळानं दुसरा, "अन् हे लोक खाऊन काय रायले?" पुढचा सिनेमा कोणी पाहिला नाही. तर या दोन प्रश्नांपुढे टिकेल असं सुचवा.

मी स्वतः 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'द रोड' वाचलंय. नुसती नावं टाकून पळू नका, का वाचायचं तेही लिहा.

जुनी जिल्द

सुरुवात पायापासून करा. 'नाइन्टीन एटी-फोर' लिहिणाऱ्या ऑरवेलच्या आधी झाम्यातिनची 'वी' आहे, १९२४ साली इंग्रजीत आली. लेखक रशियन, पण खुद्द सोव्हिएत देशात ती छापायला १९८८ उजाडलं. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, घरं काचेची. मग हक्स्लीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', १९३२. मग ऑरवेल, १९४९. ऑरवेलचा जन्म आपल्याच बिहारातल्या मोतिहारीचा, १९०३ चा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. आणि हक्स्ली ईटनच्या शाळेत काही काळ ऑरवेलचा मास्तर होता.

गटात सांगायला मी ऑरवेलपेक्षा हक्स्ली पसंत करीन. ऑरवेल ऐकला की सगळे माना डोलावतात, हो बाबा, वाईटच आहे. हक्स्लीच्या राज्यात कोणाला मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. उदास वाटलं की सोमाची गोळी घ्या. मग कोणीतरी म्हणतोच, "यात वाईट काय आहे?" आणि भांडण सुरू होतं. तुम्हाला तेच पाहिजे ना.

तिसरी ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१', १९५३ ची. पुस्तकं जाळणारे बंबवाले. शेवटी रानात राहणारी माणसं भेटतात, प्रत्येकानं एकेक पुस्तक तोंडपाठ करून जपलेलं. हे शहरातल्या वाचकाला काव्यमय वगैरे वाटतं. आपल्या गावात मात्र हरिपाठ न बघता म्हणणारे आणि ग्रामगीतेच्या ओव्या धडाधड सांगणारे म्हातारे अजून बसलेले असतात. त्यांना विचारा, पाठ केलेलं पुस्तक माणसाच्या तोंडून बदलत जातं का? ब्रॅडबरीनं तो प्रश्न फार लवकर सोडला असं माझं मत आहे.

बंडीवाला

जिल्द काका, हे समदं बराबर हाय. पन कोरडवाहू भाऊनं जे इचारलं त्याचं उत्तर कुठी हाय? खात काय होते?

सरकी

बंडीवाला भाऊ, तुमच्यासाठी एकच पुस्तक. जॉन ख्रिस्तोफर, 'द डेथ ऑफ ग्रास', १९५६. जाडजूड नाही, दोन बैठकांत होतं.

चीनमध्ये धानावर एक विषाणू येतो. जग म्हणतं, बिचारे चिनी. मग तो विषाणू रूप बदलतो आणि गवताच्या अख्ख्या कुळावर पसरतो. इथं थांबून गटाला विचारायचं, गवताच्या कुळात काय काय येतं? मी आमच्या शाळेत आठवीला विचारलं होतं. पोरं म्हणाली, कुरण. फळ्यावर लिहायला लागले तेव्हा वर्ग गप्प झाला. गहू, धान, ज्वारी, बाजरी, मका, ऊस, बांबू, सगळं गवत. म्हणजे भाकर गेली, भात गेला, साखर गेली, कडबा गेला. कडबा गेला म्हणजे दूध गेलं.

कथा इंग्लंडची आहे. नायक जॉन इंजिनिअर, लंडनला राहतो. भाऊ डेव्हिड उत्तरेकडे डोंगरातल्या दरीत शेती करतो. त्यानं आधीच ओळखून बटाटा आणि बीट लावलंय, दरीचं तोंड बंद करायची तयारी चालवली आहे. सरकारला लोक पोसता येणार नाहीत हे कळतं, तेव्हा आपल्याच शहरांवर बाँब टाकून तोंडं कमी करायचा बेत शिजतो. जॉन बायकापोरं घेऊन भावाकडे निघतो. शंभर पानांत तो सज्जन माणूस काय काय करून बसतो ते वाचवत नाही, आणि प्रत्येक वेळी त्याच्याजवळ कारण तयार असतं.

बायकांच्या बाबतीत पुस्तक जुन्या वळणाचं आहे, ते खटकेल. पण "खात काय होते" या एका प्रश्नावर उभी असलेली दुसरी कादंबरी मला माहीत नाही.

बंडीवाला

आता जमलं. मंजे तूर वाचली, चना वाचला, सोयाबीन वाचलं, पऱ्हाटी वाचली. वरन हाये, पोयी नाई. कडबा गेला तरी तुरीचं अन् चन्याचं कुटार रायते ताई, ढोरं लगेच नाई मरत. इंग्लंडवाल्याईची पंचाईत झाली कारन त्याईच्याकडं डाळच नाई.

सरकी

हा मुद्दा खुद्द लेखकालाही सुचला नसेल. शनिवारी हाच मांडा.

तिसरी शिफ्ट

चंद्रपूरवरून लिहितोय, तेव्हा उन्हाबद्दल बोलायचा हक्क माझा. किम स्टॅन्ली रॉबिन्सन, 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर', २०२०. पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडतं. उष्णतेची लाट, दमट हवा, वीज गेलेली. लोक रात्री तळ्यात जाऊन बसतात तर तळंही कोमट. सकाळी फ्रँक नावाचा एक परदेशी कार्यकर्ता सोडला तर त्या तळ्यातलं कोणी जिवंत नसतं. पूर्ण लाटेत दोन कोटी माणसं जातात.

आपल्याला वाटतं ४५-४६ तर आम्ही दरवर्षी काढतो, त्यात काय. म्हणून हे गटात समजावून सांगावं लागेल, आणि त्याला कूलर पुरेसा आहे. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी उडतं आणि हवा थंड होते. पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथवर उतरू शकते, ते वेट-बल्ब तापमान. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा, तर वेट-बल्ब येतं २४ च्या आसपास. म्हणून कूलर गारेगार. जूनमध्ये एक पाऊस पडून पुन्हा ऊन तापलं, ३८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के, की तेच वेट-बल्ब ३१ च्या घरात जातं. पारा सात अंश खाली आणि तुमचा कूलर मात्र नुसती ओली हवा फेकतो. अंगाचा घामही कूलरच्याच नियमानं चालतो. वेट-बल्ब ३५ ला पोचलं की सावलीत, पंख्याखाली, धडधाकट माणूससुद्धा काही तासांत जातो. रॉबिन्सननं तेच लिहिलंय.

पुढचं पुस्तक मात्र झुरिकमधल्या बैठका, कर्बाचं चलन, बँकांचे गव्हर्नर असं पसरलंय. काही प्रकरणं चांगली आहेत, काही ग्रामसभेच्या इतिवृत्तासारखी. गटासाठी पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचा आणि थांबा. शक्यतो मृगाच्या आधी, लाईट गेलेली असताना.

पुण्यातला वर्धेकर

सगळं छान आहे, पण मला जरा हसू येतंय. विदर्भातल्या माणसाला डिस्टोपिया, म्हणजे असल्या जुलमी, कोलमडलेल्या जगाच्या गोष्टी, वाचायला इंग्लंड-अमेरिकेला कशाला जायला पाहिजे? सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचा. शिकलेला एकनाथ, नोकरी नाही, जमीन आहे पण तिच्यात काही उरलं नाही, घर आतून फाटत चाललंय. २००४ ची साहित्य अकादमी आहे तिला. त्याआधी उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० ची. कौतिकचं आयुष्य वाचल्यावर आणखी कुठलं जग संपायचं राहिलं? तिकडे रोज प्रलयच चालू आहे.

सरकी

वर्धेकर, 'बारोमास' आणि 'धग' दोन्ही वाचायलाच पाहिजेत, आमच्या गटात दोन्ही झाल्या. पण "तिकडे रोज प्रलय" हे वाक्य पुण्यातून फार सोपं पडतं. आमच्याकडे पोळा होतो, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन हिंडतात, लग्नात पंगती उठतात, पोरी स्कूटीवर कॉलेजला जातात. 'धग'मधली कौतिक काही जगबुडीची नायिका नाही. ती पै-पै जोडून घर चालवायला बघणारी बाई आहे. तिला प्रलयात ढकललं की तिच्या धडपडीला काही किंमतच उरत नाही.

पुण्यातला वर्धेकर

ताई, मी आमच्या माणसांची टिंगल करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की या प्रकारातली बरीच पुस्तकं म्हणजे सुखवस्तू माणसाला पडलेलं वाईट स्वप्न आहे. नळाला पाणी नाही, दुकानात माल नाही, पोलीस ऐकत नाहीत. हे ज्यांच्याकडे आजच आहे त्यांनी ती भीती उसनी का घ्यायची?

तिसरी शिफ्ट

यात तथ्य आहे, पण मी ते दुसऱ्या टोकाकडून धरीन. माझी आजी सांगायची, गावच्या विहिरीवर हात लावायचा नाही, वरून कोणी ओतलं तर ओंजळीत प्यायचं. कुठं राहायचं, काय कपडे घालायचे, कोणत्या वाटेनं जायचं, सगळं ठरलेलं. ऑरवेलच्या पुस्तकात यातलं काय नवं आहे? आमच्या आज्याचं ते जग १९५६ साली दीक्षाभूमीवर मागं पडलं असं तो म्हणायचा. म्हणजे माझ्या घरात डिस्टोपिया ही मागची गोष्ट आहे आणि पुढचे लोक त्यातून चालत बाहेर पडलेत. म्हणूनच मला ही पुस्तकं आवडतात, उसनी भीती म्हणून नाही. बाहेर पडायची वाट लेखकाला दिसली का, हे मी बघतो. ऑरवेलला दिसली नाही.

या अंगानं प्रयाग अकबरची 'लैला' घ्या, २०१७ ची इंग्रजी कादंबरी. भारतातलंच एक शहर, प्रत्येक जमातीनं आपापल्या वस्तीभोवती भिंत घातलेली, आणि शालिनी हरवलेली मुलगी शोधतेय. नेटफ्लिक्सवर २०१९ ला मालिका आली, पण पुस्तक जास्त थंडपणे मारतं. वाचून झालं की आपल्या गावाचा नकाशा कागदावर काढायला सांगा. कोणाचं मोहल्ला कुठं, हातपंप कुठं, स्मशानं किती.

कोरडवाहू

नकाशाची कल्पना घेतली. भांडण होईल, पण होऊ द्या.

वर्धेकर, 'द रोड'बद्दल तुमचं म्हणणं काही अंशी पटतं. २००६ ची, पुढच्या वर्षी पुलित्झर. बाप-लेक दुकानातली ढकलगाडी ढकलत राखेतून चालतात. भाषा जबरदस्त, पण आमच्या गटात ती मी घेणार नाही. त्यात मातीत काही उगवतच नाही. जुने डबे सापडले तर खायचं, नाहीतर माणूस माणसाला खातो. बी नाही, पाऊस आहे तर तो राखेचा. शेतकऱ्याला त्यात करण्यासारखं काहीच नाही, तो फक्त बघत राहतो.

वैनगंगा काठ

करण्यासारखं असलेलं पुस्तक मी सांगतो. एमिली सेंट जॉन मँडेल, 'स्टेशन इलेव्हन', २०१४.

तापाची साथ येते आणि बहुतेक सगळी माणसं जातात. टोरांटोत 'किंग लिअर'चा प्रयोग चालू आहे, लिअर करणारा नट रंगमंचावरच कोसळतो, तिथून सुरुवात. मग वीस वर्षांनंतर. एक नाटक कंपनी सरोवरांच्या काठानं गावोगाव फिरते, शेक्सपिअर करते, वाद्यं वाजवते. पेट्रोल केव्हाच नासलेलं आहे, म्हणून पिकअप गाड्यांची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपलेत. कोरडवाहू भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेखिकेनं देऊन ठेवलंय. पहिल्या गाडीवर लिहिलेलं असतं की नुसतं जगून राहणं पुरेसं नाही.

मी वडसा-देसाईगंजच्या बाजूचा. हे वाचताना मला अख्खी झाडीपट्टी, म्हणजे आमचा पूर्व विदर्भातला धानाचा मुलूख, दिसत होती. दिवाळी झाली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम लागतो. धान कापून झालेलं, रिकाम्या वावरात मंडप, जमिनीत खड्डा करून प्रेक्षक आणि उंचावर रंगमंच. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. गावात नाटक आहे म्हणजे प्रत्येक घरी पाहुणे, त्याच गर्दीत सोयरीक जुळते. वडशाला मंडळांची दुकानं ओळीनं आहेत, तिथं तारीख ठरवायची आणि बयाणा द्यायचा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना ही रंगभूमी नव्यानं कळली, आम्ही मात्र त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढून बघत आलोय.

म्हणून या कादंबरीवर माझा एक आक्षेपही आहे. कंपनी गावात येते, नाटक करते, जाते. पण त्यांना बोलावतं कोण? मंडप कोण घालतं, रात्री पन्नास माणसांचा स्वयंपाक कोणाच्या चुलीवर होतो, गल्ला कसा वाटला जातो? झाडीपट्टीतलं नाटक गावातल्या पोरांच्या मंडळामुळे उभं राहतं, नट नंतर येतात. मँडेलनं नटांचं मन छान लिहिलंय, आयोजक विसरली. आयोजक नसलेली नाटक कंपनी आमच्याकडे एक हंगामही काढणार नाही.

जुनी जिल्द

वा. त्यातलं विमानतळावरचं संग्रहालयही सांगा. अडकून पडलेले प्रवासी तिथंच वस्ती करतात आणि एक जण आता निकामी झालेल्या वस्तू मांडून ठेवतो. मोबाइल, क्रेडिट कार्डं, उंच टाचांचे जोडे. पोरं बघायला येतात.

बंडीवाला

आमच्या गावच्या म्युझियममंदी सात-बारा ठेवा. अन् बाजूले पीकविम्याची पावती. पोट्टे इचारतीन, "आजा, हे काय होये?" सांगाचं कसं?

तिसरी शिफ्ट

पावती तर आजही निकामीच आहे, तिला जग संपायची वाट बघावी लागत नाही.

देशी वाण

उशिरा आलो. बियाण्याचा विषय कोणीच काढला नाही याचं नवल वाटतं. पाओलो बाचिगालुपी, 'द विंडअप गर्ल', २००९. विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. पेट्रोल संपलंय, समुद्र वर आलाय, पिकांवर एकामागून एक रोग. जग चालवतात बियाणं विकणाऱ्या कंपन्या, आणि त्यांचं बी दुसऱ्यांदा उगवत नाही. फक्त थायलंड टिकून आहे, कारण त्यानं आपली बीज-बँक लपवून ठेवलीय. अँडरसन नावाचा कंपनीचा माणूस कारखान्याचं सोंग घेऊन बँकॉकच्या बाजारात फिरतो. नामशेष झालेलं एक फळ त्याला टोपलीत विकायला दिसतं आणि त्याला कळतं, बँक इथंच कुठंतरी आहे.

आपल्याकडे बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ साली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीची बोंडं पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणी करताना विषबाधेनं माणसं गेली. आता परवानगी नसलेल्या चोरबीटीची पाकिटं रात्री येतात. या कादंबरीतलं बरंचसं आपल्या कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहून समजतं.

बंडीवाला

तं आपलं बीटीबी वांझच हाय ना भाऊ? सरकी ठेवता येत नाई मनून दरसाल पाकीट घ्या लागते.

देशी वाण

वांझ नाही. कादंबरीत वांझ आहे, आपल्याकडे संकरित आहे. घरची सरकी पेरली तर उगवते, पण पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत, एक उंच, एक बुटकं, कोणाला अळी लागते, कोणाला नाही. म्हणून पाकीट घ्यावं लागतं. पाकिटाचा खर्च तोच, कारण वेगळं.

आणि या पुस्तकासोबत एक खरी गोष्ट सांगायलाच पाहिजे. दादाजी खोब्रागडे, नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. थोडीशी जमीन, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि जे वाण तयार झालं त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज तो तांदूळ किती घरांत शिजतो बघा. २०१८ ला ते गेले, हलाखीतच. बाचिगालुपीच्या कादंबरीत बीज-बँक म्हणजे पहाऱ्यातली तिजोरी आहे. आपल्याकडे एक माणूस चिखलात उभा राहून लोंब्या निवडत होता. मला दुसरं जास्त थरारक वाटतं.

इशारा: कादंबरीत एमिको या पात्रावर लैंगिक अत्याचाराची प्रसंगवर्णनं आहेत, फार उघडी. सगळ्या वयाच्या लोकांसमोर सांगताना गाळा.

वैनगंगा काठ

अन्नावरून आठवलं, ऑक्टेव्हिया बटलरची 'पॅरेबल ऑफ द सोअर'. लिहिली १९९३ ला, गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये. लॉरेन नावाची पंधरा वर्षांची मुलगी भिंतीआडच्या वस्तीत राहते, बाहेर पाणी पेट्रोलपेक्षा महाग. ती आधीपासून पिशवी भरून ठेवते आणि रानातलं काय खाता येतं ते पुस्तकातून शिकते. वस्तीत ओकच्या फळांच्या पिठाची भाकर करतात. गहू परवडत नाही म्हणून. मोहफुलं वाळवून डालीत भरून ठेवणाऱ्या आमच्या बायांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, यात शिकायचं काय? लॉरेनला जे पुस्तकातून मिळवावं लागतं ते इथं अजून हातात आहे, निदान चाळिशीच्या वरच्यांच्या.

खारपाणपट्टा

रेल्वेत आहे, पटापट लिहितो. ह्यू हाउईची 'वूल', जमिनीखालच्या कोठारात राहणारे लोक, थरार चांगला. ग्लुखोव्स्कीची 'मेट्रो २०३३', मॉस्कोच्या भुयारात, अळिंबी आणि डुकरं खाऊन जगतात (खाण्याचा प्रश्न सुटला!). स्ट्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक', या धाग्यात बसत नाही, पण वाचा.

आणि मराठीत नारळीकर कोणालाच कसे आठवले नाहीत? त्यांची 'हिमप्रलय' ही कथा, मुंबईत बर्फ पडतो. एका शनिवारी अर्ध्या तासात सांगून होईल. नवख्यांना तिथून सुरू करा.

बुलडाण्याच्या लोकांनी तर उल्केची गोष्ट घ्यायलाच हवी, घरात लोणार आहे. जवळपास १.८ किलोमीटर रुंद खड्डा, बेसाल्टमध्ये, आभाळातून दगड पडून झालेला. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोकांनी कलियुग संपलं म्हणून फोटो फिरवले. निघाले खारट पाण्यातले सूक्ष्मजीव, पाणी आटून क्षार वाढल्यामुळे रंग धरलेले. निव्हन आणि पूर्नेलची 'ल्युसिफर्स हॅमर', १९७७, धूमकेतू आदळल्यानंतरची. त्यात एक शास्त्रज्ञ उपयोगाची पुस्तकं प्लास्टिकात बांधून संडासाच्या टाकीत लपवतो, तिथं कोणी हात घालणार नाही म्हणून. तो प्रसंग लाखाचा. कादंबरीत काळ्या लोकांचं चित्रण मात्र वाईट आहे.

जुनी जिल्द

खारपाणपट्टा, नारळीकरांबद्दल बरोबर.

मीही एक मराठी जोडतो, आणि ती कादंबरी नाही. इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. १९६७ चं पुस्तक, १९६८ ची साहित्य अकादमी. महाभारताकडे युद्धापर्यंत सगळे बघतात. पण मौसलपर्व उघडा. यादव आपसात लढून संपलेत. द्वारका समुद्रात जातेय. अर्जुन उरलेल्या बाया-मुलांना घेऊन निघतो, वाटेत काठ्या घेतलेले दरोडेखोर अडवतात, आणि ज्याच्या धनुष्यावर युद्ध जिंकलं त्याला ते नीट वाकवताही येत नाही, अस्त्रं आठवत नाहीत. डोळ्यांदेखत बाया पळवल्या जातात. जग संपल्यानंतर जुन्या हत्याराचं आणि जुन्या नावाचं काय होतं, हे याहून कडक कोणी लिहिलेलं मला दाखवा.

पुण्यातला वर्धेकर

काका, हे मान्य. आणि मघाशी मी जे बोललो त्यात तिसरी शिफ्ट यांनी घातलेली भर मला जास्त पटली. तरी 'बारोमास' यादीत ठेवा, वेगळ्या कारणासाठी. 'डेथ ऑफ ग्रास' झाल्यावर लगेच घ्या. दोन्हीकडे दोन भाऊ आणि मधे जमीन आहे.

सरकी

हे चालेल. हे सुचवणं आधीच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे.

ॲटवुडची 'द हँडमेड्स टेल' राहिली. १९८५. मी ती आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितली, हप्ते गोळा झाल्यावर. मला वाटलं होतं की लाल झगे, पांढऱ्या टोप्या, दुसऱ्यासाठी मूल जन्माला घालणं, यावर बोलणं होईल. ते ऐकून घेतलं. पण बाया अडकल्या एका लहान प्रसंगावर. नायिका नेहमीच्या दुकानात जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी ऑफिसातून सगळ्या बायकांना काढून टाकतात. घरी आल्यावर कळतं, देशभरातल्या बायकांची खाती एका झटक्यात गोठवलीत, आणि तिचे पैसे आता तिचा नवरा वापरू शकतो. नवरा चांगला आहे, तो म्हणतो, मी आहे ना, मी बघीन तुझ्याकडे.

तिथं आमच्या अध्यक्षबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "मॅडम, पासबुक कोनापाशी होतं?" पुढे तासभर तेच. कोणाचं पासबुक कोणाजवळ, एटीएमचा नंबर घरात कोणाला माहीत, अंगठा कोण लावायला नेतं. दोघींनी त्या आठवड्यात बँकेत जाऊन नवऱ्याच्या फोनवर जाणारा मेसेज आपल्या फोनवर वळवून घेतला.

कोरडवाहू भाऊ, शनिवारच्या गटात बाया किती येतात?

कोरडवाहू

खरं सांगायचं तर दोनच, आणि त्यातली एक नववीतली मुलगी, वडिलांसोबत येते. सहाला बायांचा स्वयंपाकाचा टाइम असतो. वेळ बदलून दुपारी तीन करून बघतो, निंदणाचे दिवस सोडून. 'हँडमेड्स टेल' त्या बैठकीला. सांगायला तुम्ही याल का? आर्णीपर्यंत एसटी आहे, पुढं मी घ्यायला येतो.

बाकी क्रम असा धरतो. आधी नारळीकर, मग 'डेथ ऑफ ग्रास' आणि लगोलग 'बारोमास'. पोळा झाल्यावर 'स्टेशन इलेव्हन'. 'विंडअप गर्ल' मी स्वतः वाचून, गाळून सांगेन, दादाजींच्या गोष्टीसकट.

सरकी

येते. पण श्रावणात नको, शाळेत कार्यक्रमांची रांग असते.

नववीतल्या मुलीसाठी लोइस लोवरीची 'द गिव्हर' द्या, १९९३ ची. सोपं इंग्रजी, लहान पुस्तक. दुःख, रंग, आठवणी सगळं काढून टाकलेलं गाव आणि बारा वर्षांचा मुलगा. शेवटी तो वाचतो की नाही ते लेखिका स्पष्ट सांगत नाही. तिला आधी काही सांगू नका, तिचं तिलाच ठरवू द्या.

बंडीवाला

कोरडवाहू भाऊ, गवतवाली कादंबरी ज्या शनवारी हाय त्याच्या आंदी सांगजा. आमचं गाव पल्याडच्या तालुक्यात हाय पन मी गाडीनं येतो. त्या डेव्हिडनं दरीमंदी ढोरं किती ठेवली होती अन् त्याईले चारलं काय, हे पयले पाहून ठेवा. बटाट्याच्या पाल्यावर ढोरं जगत नाईत.